आयडलर

नागपुरात ड्रायर? म्हणून हसलेत सगळे.
मे महिन्यात गच्चीवर चादर टाकावी,
जिना उतरेपर्यंत कडक होते इथं.
पण कोराडीकडचा वारा फिरला की
पांढऱ्यावर करडं बसतं, पिठासारखं,
झटकलं की आणखी आत जातं,
आणि ती राख आता ह्यांच्या छातीला चालत नाही.
लेकीनं हप्त्यांवर घेऊन दिला.

तीन वर्षं निमूट घुमला.
मंगळवारी ओरडायला लागला,
सकाळी चिमणीएवढा, दुपारी टिटवीसारखा,
संध्याकाळी ड्रम थांबलेला,
चादरी ओल्या, मोटर आपली गुणगुणतेय.
कंपनीचा माणूस म्हणाला, पुढच्या महिन्यात पाहू मॅडम.

ह्यांनी खुर्चीतूनच कान दिला.
"पट्टा नाही. आयडलर गेला त्याचा."

एकतीस वर्षं कोळशाच्या पट्ट्याखाली
आयडलरच बदलले या माणसानं.
मैलभर लांब पट्ट्यात कुठला रोलर रडतो
ते रात्रपाळीत, अंधारात, नुसतं ऐकून सांगायचे.
आता दहा पावलांवर थांबतात,
खिडकीचा गज धरून.

"तू कर," म्हणाले. "मी सांगतो."

प्लग काढला. काढलाय का, ते पुन्हा पाहिलं.
मागचा पत्रा, अकरा स्क्रू,
इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमानं ठेवले.
आत आमच्याच कपड्यांचा भुसा, बोळेच्या बोळे.
बॅटरी दातात धरून मी फरशीवर आडवी.
"स्प्रिंग दिसली?"
हूं.
"ढिली कर. बोट सांभाळ."
क्लिप टणकन उडाली, सोफ्याखाली गेली.
"जाते ती. नेहमीच जाते."

चाक हातात आलं. बांगडीहून लहान,
मधोमध झिजून खाच पडलेली,
आणि आसाला घट्ट आवळून बसलेला
माझा एक पांढरा केस
आणि निळा दोरा. ह्यांच्या डांगरीचा?
ती तर रिटायर झाल्यावर बोहारणीला दिली.
नातीच्या फ्रॉकचा असेल.

ह्यांनी ते कानाशी धरून फिरवलं.
खर्र, खर्र.
खोलीत तसाच आणखी एक आवाज होता.
दोघांनीही ऐकला.
"बेअरिंग," म्हणाले, आणि चाक खाली ठेवलं.

बर्डीवर मिळालं नाही.
लोहापुलापाशी एका पोरानं
बिस्किटाचा डबा काउंटरवर पालथा केला.
"कायचं आहे जी काकू हे? मिक्सरचं?"
ड्रायरचं.
"नागपुरात ड्रायर?"
दोनशे ऐंशी घेतले वर.

घरी येऊन विचारलं,
मोटर फिरवते, ड्रम फिरतो,
मग हे मधलं चाक करतं काय?
"काही नाही करत. म्हणून तर आयडलर.
बिनकामाचं. फक्त पट्टा सैल पडू देत नाही."

मी तेव्हा सोफ्याखाली क्लिप शोधत होते.
जनगणनेवाली बाई आली होती मागं,
काम काय करता, असा रकाना होता,
मी तोंड उघडायच्या आत ह्यांनीच सांगितलं,
काही नाही, घरीच असते.
क्लिप सापडली. पदरानं पुसली.

पट्टा तीनदा चुकला.
ड्रमवरून, चाकाखालून, मोटरच्या खुंटीला वळसा,
"झेड काढ, झेड," ओरडले आणि खोकत बसले.
पाणी दिलं. मग झेड काढला.
हातानं ड्रम ढकलला, स्प्रिंगनं चाक ओढून धरलं,
पट्टा ताणला, आणि काही म्हणजे काही वाजलं नाही.

बटण दाबताना मनात आलं,
ही वीज येते ती त्याच चिमणीपासून
जिची राख चुकवायला हा घेतला.
हे बोलले नाही.
त्यांनी आयुष्यभर तिथं कोळसा पोचवलाय.

चादरी गरम निघाल्या. एक त्यांच्या पायांवर टाकली.
जुनं चाक मी कचऱ्यात टाकत होते,
"राहू दे," म्हणाले, आणि खिशात घातलं.

रात्री खर्र खर्र ऐकून दचकून उठले.
अंधारात हात पुढं केला.
चाक होतं. बोटावर फिरवत जागे होते.